भात-भाकरी बंद केल्यावरही कॅलरी मोजाव्या लागतात का?

प्रश्न: तीन महिन्यांपूर्वी मी भात, भाकरी, पोळी आणि साखर पूर्ण सोडली. पहिल्या महिन्यात ४ किलो वजन उतरले, पण त्यानंतर काटा हललेला नाही. कर्बोदके टाळली की इन्सुलिन (चरबी साठवायला लावणारे संप्रेरक) कमी राहते, त्यामुळे तूप, पनीर, शेंगदाणे पोटभर खाल्ले तरी चालते, असे मला सांगण्यात आले होते. हे खरे आहे का?

प्रतिसाद १: पहिल्या महिन्यात उतरलेले सगळे वजन चरबीचे नव्हते. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा (शरीराने राखून ठेवलेल्या साखरेचा) साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. कर्बोदके तोडल्यावर हा साठा आटतो आणि त्याबरोबर पाणीही निघून जाते.

प्रतिसाद २: कॅलरींचा हिशेब कोणत्याही आहारात चुकत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. कमी चरबी खाणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे ६ किलोंनी घटले, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता, म्हणजे तो निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता. कोणालाही कॅलरींची मर्यादा घालून दिलेली नव्हती, तरीही दोन्ही गट पूर्वीपेक्षा कमी खाऊ लागले होते, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे: कर्बोदके सोडल्यावर बिस्किटे, फरसाण, गोडधोड आपोआप सुटते, प्रथिनांमुळे भूक लवकर भागते आणि न मोजताही ताटातले कमी होते. मात्र त्या रिकाम्या जागी तूप आणि दाणे आले, की हा फायदा हातचा जातो. स्निग्धांशाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, कर्बोदकांच्या किंवा प्रथिनांच्या ग्रॅममध्ये ४. मोठा चमचाभर तूप म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, १०० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साडेपाचशेहून अधिक. कायम मोजत बसा असे मी म्हणणार नाही, पण आठवडाभर तरी सगळे वजनकाट्यावर ठेवून पाहा. अंदाजाने घेतलेली मूठ फार फसवी असते.

प्रतिसाद ३: एक कळकळीची सूचना. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर कर्बोदके एकदम कमी केल्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्नकर्ती: सर्वांचे मनापासून आभार. मला मधुमेह नाही. आज संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसताना रोज घेते तेवढेच भाजलेले दाणे वाटीत काढले आणि काट्यावर ठेवले, तर ते ८५ ग्रॅम भरले. मी त्यांना आजवर मूठभरच समजत होते. उद्यापासून तूपही मोजूनच घेईन आणि महिनाभराने वजन इथे कळवीन.