मदत हवी आहे: रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला मुलांना कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी, आमच्या नेरूळच्या सोसायटीतला निसर्गमित्र गट फेब्रुवारीत एखाद्या रविवारी रोहित पक्षी बघायला जायचं म्हणतोय. सोबत शाळकरी मुलं आणि दोन-तीन आजी-आजोबा.

ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून बोट जाते, पण तिची वेळ भरतीवर ठरते. आणि खाडीत पाणी चढलं, चिखल बुडाला की पक्षी सीवूड्सच्या तळ्यांकडे सरकतात. मग त्या रविवारी बोट धरावी की तळ्याचा काठ? मला काठ बरा वाटतो. डुगडुगणाऱ्या बोटीत मुलांच्या हाती दुर्बीण म्हणजे नुसता गोंधळ!

मुलांना दोन्ही जातींतला फरक स्वतः ओळखायला लावायचाय. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. धाकट्याची गडद किरमिजी. हे काठावरून साध्या ८×४२ दुर्बिणीने दिसतं का, की स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची जास्त ताकदीची दुर्बीण) लागेलच? कुणाकडे असेल तर एका सकाळपुरता मिळेल का?

काठाजवळ सावली, बसायची सोय आणि स्वच्छतागृह कुठे आहे, तेही सांगा. आजी मंडळींचा पहिला प्रश्न तोच आहे.