तिसरीतली मुलं बोलतात भरपूर, वहीत मात्र सगळ्यांचा एकच मोर

खडूधूळ
तिसरीचा वर्ग, मराठी माध्यम, पुणे शहर, पट ३८. फळ्यावरचं उतरवून घेणं बहुतेकांना जमतं, तोंडी विचारलं तर थांबवावं लागतं. पण 'माझा आवडता पक्षी' म्हटलं की ३० वह्यांत मोर, तो राष्ट्रीय पक्षी, आणि 'म्हणून मला मोर फार आवडतो'. सात-आठ जणांच्या घरी हिंदी आहे, ते शब्दांचं लिंग चुकवतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर इतक्या की तपासलेली वही लालेलाल दिसते. लेखनाला आठवड्यात ४० मिनिटांच्या दोन तासिका मिळतात. सुरुवात कुठून करावी?

मंडईकर
विषयापासून. पुण्यातल्या मुलाने रोज पाहिलेला पक्षी म्हणजे पारवा, पण पारव्यावरच्या दहा ओळी गाइडात नसतात, म्हणून मोर येतो. पहिले दोन महिने 'माझा आवडता' हे शब्दच बंद ठेवा आणि हातात धरता येईल अशी वस्तू द्या. कारलं उत्तम. पाच-सहा जणांत एक, म्हणजे सात कारली पुरतात.

४० मिनिटं अशी वाटा: १० मिनिटं नुसतं हाताळणं आणि बोलणं (बोटाला कसं लागतं, मोडलं की आवाज येतो का, आत काय दिसतं). ५ मिनिटांत मुलांच्याच तोंडचे आठ-दहा शब्द फळ्यावर. शब्दच लिहा, वाक्य एकही नको. तुम्ही वाक्य लिहिलंत की ३८ वह्यांत तेच येणार. मग १५ मिनिटं लेखन, उरलेल्या १० मिनिटांत शेजाऱ्याला वाचून दाखवणं.

पहिल्या खेपेला हे येईल: 'कारले हिरवे आहे. कारले खरखरीत आहे. कारले कडू आहे.' फळ्यावरचा एकेक शब्द उचलून 'आहे' जोडलेलं. त्यासाठी पुढच्या तासाला 'आहे'चा उपास: पूर्ण लिखाणात 'आहे' दोनदाच चालेल. मग आपोआप टोचतं, लोंबतं, चुरचुरतं अशी क्रियापदं बाहेर पडतात. 'छान', 'सुंदर' यांनाही त्या दिवशी सुट्टी.

वर्णन जमलं की कृती लिहायला द्या. लिंबू सरबत घ्या. एका गटाने लिहायचं, दुसऱ्याने लिहिलंय तेवढंच करून दाखवायचं. 'लिंबू पिळा' असं लिहिलं आणि 'कापा' राहिलं, तर समोरचा अख्खं लिंबू दाबत बसतो. क्रम का लागतो हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरा प्रकार पाटी. वर्गातल्या नळासाठी, चपलांसाठी सूचना, जास्तीत जास्त १२ शब्द, त्यात कारण आलंच पाहिजे. (पुण्यात पाटी लिहायला शिकवायची हे जरा विनोदीच, पण मुलं खूश होतात.) शब्दमर्यादा असली की फालतू शब्द स्वतःच खोडतात. पुन्हा लिहिण्याची सवय इथूनच लागते.

काना_मात्रा
शुद्धलेखनाबद्दल. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम आहेत. तिसरीला तीन पुरतात आणि तेही नियम म्हणून सांगायचे नाहीत, जोड्यांनी दाखवायचे.

एक, मराठी शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ: पाणी, वाळू, पाटी. 'आणि' हा अपवाद, तो भिंतीवरच लावा. दोन, फूल-फुलात, गूळ-गुळाचा, खीर-खिरीत, बहीण-बहिणीला. मोठ्याने म्हणून घ्या. 'फूल'मध्ये शेवटचा अ उच्चारात गळतो म्हणून ऊ लांबतो, प्रत्यय लागला की आखडतो, हे कानाला कळतं. 'शरीर-शरीरात'सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द असे बदलत नाहीत, पण ते पाचवीनंतर पाहू. तीन, मुलांना, लोकांनी, झाडांवर यांतला अनुस्वार. 'मुलाना' ही या वयातली फार नेहमीची चूक.

तपासताना एका पंधरवड्यात एकच नियम धरा, बाकी चुकांना हात लावू नका. वही लाल झाली की मूल चुकणार नाहीत तेवढेच शब्द वापरायला लागतं आणि लिखाण चार ओळींवर येतं. रोज पाच वह्या नीट वाचा. ३८ वह्या शाळेच्या आठ दिवसांत होतात. प्रत्येकीत मजकुराबद्दल एक प्रश्न लिहा: 'बिया कोणत्या रंगाच्या होत्या?' मुलाने उत्तराचं वाक्य योग्य जागी घालायचं.

हिंदीवाली मुलं शब्दांचं लिंग चुकवतात कारण हिंदीत नपुंसकलिंगच नाही. 'दुकान' तिकडे स्त्रीलिंगी, आपल्याकडे नपुंसक. 'आवाज' तिकडे स्त्रीलिंगी, आपल्याकडे पुल्लिंगी. त्यांना नवा शब्द कधीच एकटा देऊ नका: ते दुकान, तो आवाज, ती पिशवी.

कुणी 'पानी', 'व्हता' लिहिलं तर काट मारू नका. पात्राच्या बोलण्यात ते तसंच राहू द्या, निवेदनात 'पाणी', 'होता' करून घ्या. घरची भाषा चूक ठरली की मूल गप्प होतं.

दुरेघी
वरचं पटलं, पण हात तयार नसेल तर १५ मिनिटांत तीनच ओळी होतात आणि आपण म्हणतो याला सुचत नाही. आधी हे बघा: शब्द एकमेकांना चिकटतात का? बरीच मुलं पूर्ण ओळ लिहून मग शेवटी एक लांबलचक शिरोरेषा ओढतात, म्हणून चिकटतात. शब्द संपला की तिथेच रेघ, पेन्सिल उचलायची, एका बोटाची जागा सोडायची. उलट 'घरा त', 'शाळे त' असं तुटत असेल तर तो फळ्यावर प्रत्यय सुटा दाखवण्याचा परिणाम असतो.

घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल वाचनातही होते की फक्त लिहिताना, ते तपासा. फक्त लिहिताना होत असेल तर सुरुवातीचं वळण चुकतंय. ते अक्षर हवेत, मग पाटीवर, मग वहीत. पानभर गिरवून उपयोग नाही, दहावं अक्षर पहिल्यापेक्षा वाईट येतं. पाच पुरे.

श्रुतलेखन मात्र सोडू नका. सुटे दहा शब्द नकोत, दोन वाक्यं, आणि तपासायचं मुलाने स्वतः, फळ्यावर बघून.

खडूधूळ
आभार. कारल्याने सुरुवात करते. पण सत्राच्या परीक्षेत 'दहा ओळी लिहा' येणारच, आणि पालक नमुना निबंध मागतात. तेव्हा?

मंडईकर
ताई, परीक्षेच्या तीन आठवडे आधी दहा ओळींचे पाच प्रश्न करा: कुठे दिसतो, काय करतो, कसा आवाज, एकदा काय झालं, त्याच्याबद्दल काय कळलं नाही. प्रत्येकाची दोन वाक्यं. पालकांना नमुन्याऐवजी हीच चिठ्ठी द्या. त्यांना मागायला काहीतरी हवंच असतं.

दुरेघी
आणि परीक्षेचा कागद एकेरी ओळींचा असेल तर दुरेघी वही महिनाभर आधी बंद करा. ऐनवेळी रेघ बदलली की अक्षर फुगतं आणि दहा ओळींचा मजकूर पानात मावत नाही.