मदत हवी आहे: हेडलाइट लावले की बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो

नमस्कार. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवरील बॅटरीचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर विझतो. मात्र हेडलाइट आणि पंखा एकत्र चालू केले की तो पुन्हा, अगदी अंधारातच दिसेल इतका मंद, पेटतो. मेकॅनिकने पाहताक्षणी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारे व बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बदलण्यास सांगितले, जे मला घाईचे वाटते.

इंजिन बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. सर्व भार चालू ठेवून मोजले असता अल्टरनेटरवर 14.2, तर बॅटरीच्या टोकांवर केवळ 13.1 व्होल्ट मिळतात, म्हणजे 1.1 व्होल्ट वाटेतच जातात. त्यांपैकी 0.9 अल्टरनेटरकडून बॅटरीकडे येणाऱ्या मुख्य जाड वायरीत आणि जेमतेम 0.2 अर्थिंगच्या बाजूला. त्या जाड वायरीच्या लगवर (टोकाच्या धातूच्या जोडावर) हिरवट गंज चढला असून जवळचे आवरण कडक होऊन तडकले आहे.

दिव्याच्या एका बाजूस इग्निशनकडून आणि दुसऱ्या बाजूस अल्टरनेटरकडून व्होल्टेज येत असल्याने एवढ्या फरकावरही तो मंद पेटत असावा, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का? की आधी अल्टरनेटरमधील डायोड (एसी, म्हणजे दिशा बदलणाऱ्या विजेचे डीसी करणारे भाग) तपासावेत, आणि त्यासाठी मीटर एसी व्होल्टवर ठेवल्यास किती व्होल्टपर्यंतचे रीडिंग चालते? केवळ वायर बदलून ज्यांचा हा दोष गेला, त्यांनी कृपया कळवावे.