चाहमान आणि अग्निकुंडाची कथा

चौहान (जुन्या लेखांतील चाहमान) कुळ अबूच्या अग्निकुंडातून निर्माण झाले, हे त्यांच्या स्वतःच्या परंपरेत पहिल्यापासून मानले जात होते, असा दावा केला जातो; पण जुने लेख तसे सांगत नाहीत. सीकरजवळच्या हर्षनाथ मंदिरातील इ.स. ९७३चा चौहान राजा विग्रहराज दुसरा याच्या काळचा शिलालेख गूवक या पूर्वजापासून वंशावळ देतो, पण अग्निकुंडाचा उल्लेखही करत नाही. पुढचा चौहान राजा सोमेश्वर याच्या काळातील बिजोलियाच्या शिलालेखात (इ.स. ११७०) तर सामंत हा पूर्वज अहिच्छत्रपुरातील वत्सगोत्री विप्र असल्याचे सांगितले आहे, आणि त्यानंतर अवघ्या काही दशकांत जयानकाच्या ‘पृथ्वीराजविजय’ काव्यात हेच घराणे सूर्यवंशी ठरते. अबूच्या अग्निकुंडाची, म्हणजे वसिष्ठांच्या यज्ञाची, कथा अकराव्या शतकाच्या सुरुवातीस पद्मगुप्ताच्या ‘नवसाहसाङ्कचरिता’त आढळते, मात्र ती परमार या दुसऱ्या राजपूत कुळाची आहे. चौहानांना तिच्याशी जोडणारा ‘पृथ्वीराज रासो’ आजच्या विस्तृत रूपात बऱ्याच उत्तरकाळचा आहे. राजाश्रयाच्या काव्यांपेक्षा मला बिजोलियाचा लेख अधिक बोलका वाटतो, कारण तो कोरवून घेणारा जैन श्रेष्ठी होता, दरबारी भाट नव्हे. अर्थात, ‘विप्र’ या उल्लेखावरून संपूर्ण कुळ ब्राह्मण होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही.