फाशी दिल्यानंतर चूक सापडली, तर ती दुरुस्त कोणी आणि कशी करायची?

धागाकर्ता (निवृत्त न्यायालयीन लघुलेखक, सोलापूर)

सोलापूरच्या न्यायालयात मी ३१ वर्षे लघुलेखक होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून जे बोलतो आणि कागदावर जे उतरते, त्यात किती अंतर पडू शकते हे मी जवळून पाहिले आहे. खुनाच्या एका खटल्यात पूर्व भागातील एक विडी कामगार बाई साक्षीला आल्या होत्या. एरवी मराठी बोलणाऱ्या त्या बाई घाबरल्यावर तेलुगूत बोलू लागल्या. आरोपीकडे पाहून ‘याच्यासारखा होता’ अशा अर्थाचे त्या बोलल्या, दुभाष्याने ‘हाच होता’ असे सांगितले, आणि मी तसेच टंकले. बचावाच्या वकिलांना तेलुगू येत होते, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली आणि ते वाक्य दुरुस्त झाले. त्यांना ती भाषा येत नसती, तर तेच वाक्य वरच्या न्यायालयापर्यंत गेले असते, कारण अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा उभा राहत नाही. तिथे फक्त कागद वाचला जातो.

म्हणून माझे मत असे झाले आहे की फाशीची शिक्षा कायद्यातून काढून टाकावी. जन्मठेपेच्या कैद्याबाबत चूक झाली, तर निदान तुरुंगाचे दार उघडता येते. दरवर्षी १२ जानेवारीला आपण मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या पुतळ्यांना हार घालतो. १९३१ साली त्यांना येरवड्यात फाशी दिली गेली. ज्या पोलिसांच्या खुनासाठी ती दिली, त्या खुनाशी त्यांचा संबंध नव्हता, असेच हे शहर आजवर मानत आले आहे. फाशी चुकू शकते, हे सोलापूरकरांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

प्रतिसाद (माध्यमिक शिक्षिका, अक्कलकोट)

काका, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण मांडणी पटत नाही. चार हुतात्म्यांना परकीय सत्तेने एका बंडखोर शहराला धडा शिकवण्यासाठी मारले. त्याची तुलना स्वतंत्र भारतातील न्यायालयांशी करणे योग्य वाटत नाही. आज सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, पुढे सर्वोच्च न्यायालय आहे, त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासण्याचे पुनर्विलोकन आहे, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज आहे. १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ गुन्ह्यापुरतीच ठेवलेली आहे. इतक्या चाळण्यांतून जे प्रकरण खाली उरते, त्यातही शंका काढत राहिलो तर कोणालाच कोणतीही शिक्षा देता येणार नाही.

कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाल्याची घटना २०१६ साली घडली, तेव्हा माझ्या नववीच्या वर्गातील मुली आठवडाभर एकट्या शाळेत येत नव्हत्या. पुढच्या वर्षी तिघांना फाशी सुनावली गेली, तेव्हा त्या मुलींनी सुटकेचा श्वास टाकला, तो मी विसरू शकत नाही. जन्मठेपेचा कैदी चौदा वर्षांनी गावात परत येतो, हे त्यांच्या आयांना मी काय म्हणून सांगू?

प्रतिसाद (फौजदारी वकील, सोलापूर)

ताई, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे हा समज आधी दूर करतो. जन्मठेप ही मरेपर्यंतची शिक्षा आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही देता येते, त्यात चौदा वर्षांपूर्वी सोडताच येत नाही, इतकाच त्या आकड्याचा अर्थ आहे. शिवाय वीस, पंचवीस किंवा तीस वर्षे कोणतीही सूट न देता आत ठेवण्याची शिक्षा वरिष्ठ न्यायालये देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता आपल्या चाळण्यांबद्दल. नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली आणि भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. पुनर्विलोकनही फेटाळले गेले. म्हणजे आपण सांगितलेल्या न्यायालयांच्या सगळ्या चाळण्या संपल्या होत्या. फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकन खुल्या न्यायालयात ऐकावे, असा नियम २०१४ मध्ये एका वेगळ्याच खटल्यात झाला, केवळ म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. घटनेत वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, पण त्यांचा तपासच झाला नाही. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. २०१० ते २०१४ या काळात त्यांना फाशी दिली गेली असती, तर आज आपण हेच प्रकरण ‘न्याय झाला’ म्हणून सांगत असतो.

प्रतिसाद (निवृत्त पोलीस हवालदार, बार्शी)

वकीलसाहेब, नाशिकच्या तपासाचे समर्थन मी करणार नाही. मोठा गुन्हा घडला की चार दिवसांत आरोपी हजर करा, असा वरून दबाव येतो आणि बाहेर जमावही उभा असतो. त्या घाईत काय काय होते ते मी जाणतो. पण म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. कसाबला आमच्याच खात्यातील माणसाने जीव देऊन जिवंत पकडले. २०१२ मध्ये त्याला फाशी दिली, त्यात कोणाला शंका होती? जिथे शंकेला तिळभर जागा नाही, तेवढ्यापुरती तरी फाशी राहू द्या.

धागाकर्ता

हवालदारसाहेब, कसाबच्या दोषाबद्दल माझ्याही मनात शंका नाही. अडचण अशी आहे की कायद्याला ‘तिळभर शंका नाही’ असा वेगळा वर्ग आखता येत नाही. फाशी सुनावणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाला त्या दिवशी तसेच वाटत असते. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास तेथे स्थगिती मिळाली, हेही सांगितले पाहिजे. मात्र फाशीच्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगात मरण पावला होता.

पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडात तर फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे २०२३ मध्ये शाळेच्या दाखल्यावरून मान्य झाले. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. शाळेतील नोंदवहीची एक ओळ पुढे यायला इतका काळ लागला, आणि तो काळ मिळाला तो केवळ फाशी लांबली म्हणून.

प्रतिसाद (माध्यमिक शिक्षिका, अक्कलकोट)

नाशिकचा घटनाक्रम मला माहीत नव्हता. फाशीची मागणी मी आजही मागे घेत नाही, कारण त्या मुलींचे चेहरे समोर येतात. पण छायाचित्रांतून ओळखलेले ते चौघे तपासाविना तसेच राहिले असतील, तर त्या मृत कुटुंबालाही न्याय मिळालेला नाही, हे मला मान्य करावे लागते. वकीलसाहेब, एक विचारते : सोलापूरची अशी प्रकरणे आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. तिथे आरोपी गरीब असेल आणि साक्ष तेलुगूत किंवा कन्नडमध्ये झाली असेल, तर मूळ शब्द काय होते हे तपासण्याची काही सोय आहे का?

प्रतिसाद (फौजदारी वकील, सोलापूर)

न्यायाधीशांना आवश्यक वाटल्यास जादा पुरावा घेता येतो. पण साक्षीदाराचे मूळ बोल कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवले नसतील, तर समोर येतो तो दुभाष्याचाच कागद.