प्रतिसाद: खेळाचा समालोचक पोकरच्या टेबलाशी

‘ज्याला खेळाचं समालोचन जमतं त्याला पोकरचंही जमेल’ असं एक मत आहे, ते निम्मंच पटतं. लॉन मॅकएकर्न मूळचा क्रीडा समालोचक. २००३ पासून ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीवर वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेला त्याची सहसमालोचक नॉर्मन चॅडशी जोडी जमली. पण तेव्हा संकलित चित्रफितीवर नंतर आवाज चढवला जाई. थेट प्रक्षेपणात तासन्‌तास बोलावं लागतं आणि बहुतेक डाव बाकीच्यांनी पत्ते टाकून माघार घेतल्यानेच संपतात.

नवख्याची खरी चूक वेगळी. पडद्यावर दिसणारी जिंकण्याच्या शक्यतेची टक्केवारी सगळ्यांचे पत्ते धरून काढलेली असते. खेळाडूला हातातले फक्त स्वतःचे दोन दिसतात. ती टक्केवारी पाहून ‘चुकला!’ म्हणणं हा खेळाडूवर अन्याय आहे. आधी हिशोब सांगावा: पॉट (मधे जमलेली रक्कम) ६०,०००, समोरून ३०,०००ची बेट (पैज). म्हणजे ९०,०००साठी ३०,००० घालायचे, जिंकण्याची शक्यता किमान २५ टक्के हवी. उघडायचा एकच पत्ता उरलाय आणि फ्लशला (एकाच प्रकारचे पाच पत्ते, उदा. सगळे बदाम) नऊ पत्ते चालतात, तर शक्यता साधारण २० टक्के. मग कॉल का केला, म्हणजे तेवढीच रक्कम घालून डावात का राहिला? फ्लश लागल्यावर आणखी चिप्स मिळतील या आशेने. हे उलगडून सांगणं जोडीतल्या विश्लेषकाचं काम. निवेदकाने पॉट, स्टॅक (प्रत्येकाकडच्या चिप्स) आणि पाळी अचूक सांगून त्याला जागा द्यावी.