मदत हवी आहे: ओहायो स्टेट की ओरेगन?

मंडळी, १ जानेवारी २०२५ ला पासाडेनात रोझ बोल, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा बाद फेरीतला सामना: ओहायो स्टेट विरुद्ध ओरेगन. आमच्या कोलंबसच्या (ओहायो स्टेटचं गाव) ऑफिसात डबा खाताना दुसरा विषयच नाही! ओरेगन १३-० (तेराही सामने जिंकलेलं), पहिलं मानांकन, ऑक्टोबरमध्ये ओहायो स्टेटला ३२-३१ ने हरवलेलं. तरी सट्टेबाजांचा कौल ओहायोकडे. का बुवा? मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० ने हरलेली टीम ही. टेनेसीला ४२-१७ धुतलं म्हणून एवढं?

दुसरं, त्या ऑक्टोबरच्या सामन्यात शेवटी ओरेगनचे ११ ऐवजी १२ जण मैदानात होते. ५ यार्डांचा दंड झाला, पण त्या चालीत गेलेले ४ सेकंद ओहायोला काही परत मिळाले नाहीत. इथले लोक अजून चरफडतात. मग नियमात दुरुस्ती झाली म्हणे. आता तीच चाल खेळली तर घड्याळ मागे नेतात का? जाणकारांनी सांगा, उद्या पैज लावायची आहे.